बचनागाचा पहिला तुकडा

आमच्या युन्नानच्या डोंगरात हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस आला, की घराघरांत डुकराच्या पायांबरोबर बचनागाचा कंद शिजतो. त्याने हाडांतली थंडी निघते, म्हाताऱ्यांचे गुडघे मोकळे होतात. तोच कच्चा राहिला तर आधी जीभ बधिर होते, मग काळीज. डॉक्टर दरवर्षी सांगतात, खाऊच नका. आम्ही मान डोलावतो आणि हंडा चढवतो.

आदल्या संध्याकाळी चढलेल्या हंड्याची उकळी दुसऱ्या दुपारपर्यंत मोडू द्यायची नाही. पाणी आटलं तर उकळतंच घालायचं; गार पडलं, की विष तसंच राहतं. शेवटी हंडा राखणारीने पहिला तुकडा चाखायचा, जिभेला मुंग्या येतात का पाहायचं, मगच इतरांनी जेवायचं.

आमचा हंडा माझी आई, च्यूयिंग, राखायची. तिला गोड बोलता येत नसे. गावात तिचं नाव निघे ते या हंड्यामुळेच. मग फेईरोंगकाकू लग्न होऊन आली, हसरी, चटपटीत. त्या हिवाळ्यात हंडा चढवताना आजीने पळी तिच्या हाती दिली.

"तुझे डोळे धुराने गेलेत," आजी आईला म्हणाली.

"ते आजच दिसलं तुम्हाला?"

"दिसलं कधीच. तू फुगशील म्हणून गप्प होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई लाकडं घेऊन आली, तर काकू रांजणातलं गार पाणी हंड्यात ओतत होती. उकळी झटकन बसली. काकूची पाठ दाराकडे होती. आईने लाकडं खाली ठेवली आणि काही न बोलता ती निघून गेली. हे पुढे तिनेच मला सांगितलं.

दुपारी सगळे जमले. काका आईला चिडवत म्हणाले, "वहिनी, रागावू नका, पण यंदाचा वास तुमच्यापेक्षा सरस आहे हं!"

"मग पोटभर हुंगा," आई म्हणाली.

काकूने तुकडा उचलला. तो ओठांशी गेला, तेव्हा आईने झडप घालून तिच्या हातातल्या जेवणाच्या काड्या उडवल्या. "थुंक! गार पाणी घातलंस तू त्यात!"

काकू पांढरीफटक पडली. "थोडंसंच... करपेल वाटलं..."

आजीने तिच्याकडे पाहिलंच नाही. आईला विचारलं, "तू कधी पाहिलंस?"

आई खाली पडलेल्या काड्या वेचू लागली.

"अगं मोठे, कधी पाहिलंस?"

"सकाळी."

हंडा खोल खड्ड्यात रिकामा झाला. त्या दिवशी आम्ही पेज खाल्ली. जेवताना आजी एवढंच म्हणाली, "पळी धाकटीकडेच राहील. आता ती चुकायची नाही. पण यापुढे पहिला तुकडा मोठीने चाखायचा. म्हणजे काही दिसलं, तर ती सकाळीच बोलेल."

तेव्हापासून दर हिवाळ्यात आई काकूच्या हंड्याशेजारी बसते आणि उकळत्या पाण्याची किटली कुणाला देत नाही. तुकडा जिभेवर ठेवून वाट पाहते. सगळे तिच्या तोंडाकडे बघत असतात.

"छान झालाय," ती म्हणते. दर वर्षी तेवढंच, आणि काकूकडे न बघता.