चांगुणाबाईंचा पाय आणि न छापलेला अभ्यास

देवळाली प्रवरेच्या चांगुणाबाईंना प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नसे. कारखान्याचा भोंगा कोण वाजवतं, चष्म्याचा नंबर कसा काढतात, काहीही. घरचे वैतागत.

उसात गवत काढताना त्यांना घोणस चावली. नगरच्या मोठ्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस मिळाली, जीव वाचला, पण पाय टम्म सुजला. दुसऱ्या दिवशी तातडीच्या विभागातल्या डॉक्टर उझ्मा खाटेशी आल्या.

"मावशी, आम्ही एक अभ्यास करतोय. सूज उतरायला पाय उशीवर उंच ठेवलेला बरा की सपाट, ते बघायचंय. तुमची तयारी असेल तर चिठ्ठी काढू. बाकीचे उपचार सगळ्यांना सारखेच."

"चिठ्ठी कशापायी? तुमाला ठावं न्हाई व्हय?"

"नाही ना. म्हणून तर!"

डॉक्टर असून 'ठाऊक नाही' म्हणते, याचं चांगुणाबाईंना भारी नवल वाटलं. त्यांनी सही केली. चिठ्ठीत 'सपाट' निघालं. समोरच्या खाटेवरच्या, सोनईच्या कानिफनाथांचा पाय उशीवर गेला. मग चांगुणाबाई पडल्या पडल्या त्यांना विचारत, "दादा, उतरली का वो सूज?"

दोघंही बरी होऊन घरी गेली. पुढच्या वर्षी बहिणीला दाखवायला चांगुणाबाई पुन्हा त्याच दवाखान्यात आल्या आणि तिला बाकावर बसवून थेट उझ्मांकडे गेल्या.

"मॅडम, त्या पायाचं काय निघालं?"

उझ्मांना ओळख पटायला एक क्षण लागला. "फारसा फरक दिसला नाही, मावशी. लेख लिहिला होता. दोन नियतकालिकांनी परत पाठवला. मग कामाच्या रगाड्यात राहून गेला."

"परत का म्हनून?"

"हल्ली आमच्या विषयात लेखांचा पूर आलाय. बरेचसे जुने केसपेपर चाळून लिहिलेले. असे चिठ्ठ्या काढून केलेले थोडे. त्यातही मोठा फरक दिसला तर लवकर छापतात. काहीच दिसलं नाही, तर कुणाला वाचायचंय?"

"मंग दुसऱ्या गावचा डॉक्टर पुन्ना हेच करत बसंल की. त्याला कसं कळावं?"

उझ्मा हसल्या. खरंतर त्यांनाही ते खटकत होतं. "आणखी एक अडचण आहे," त्या म्हणाल्या. "महिनाभरानं सगळ्यांची विचारपूस करायची होती. काहींचा फोनच लागला नाही. तुमच्या समोरचे काका त्यातलेच."

"कानिफनाथदादा? सोनई माजं माहेर हाय. म्या इचारते."

आठवड्याभरात त्यांनी कानिफनाथांना गाठून फोन लावून दिला. त्यांचा पाय ठणठणीत होता, सूज कधीच उतरली होती. उझ्मांनी आभार मानले, पण पुढे म्हणाल्या, "हे वेगळं नमूद करीन. मुख्य हिशेबात धरता येणार नाही."

"खरं बोलला तरी?"

"खरंच आहे. पण महिन्याच्या विचारपुशीत जे कळेल तेच धरायचं, हा नियम आम्ही आधी ठरवला होता. निकाल बघितल्यावर नियम बदलायला लागलो, तर हवं ते सिद्ध करता येईल."

हे चांगुणाबाईंना नवीन होतं. खुरपताना, भाकरी थापताना त्या त्याचाच विचार करत राहिल्या. आधी ठरवायचं, मग बघायचं, आणि जे दिसेल ते पदरात घ्यायचं.

उझ्मांनी लेख पुन्हा बाहेर काढला. विचारपुशीतून किती जण सुटले, कशामुळे, ते उघड लिहिलं. तिसऱ्या नियतकालिकानं बऱ्याच शंका काढून तो छापला. त्या दिवशी त्यांनी चांगुणाबाईंना फोन करून शेवटचा परिच्छेद मराठीत सांगितला: फरक दिसला नाही, पण माणसं थोडी होती, म्हणून फरक नाहीच असं म्हणता येत नाही, मोठा अभ्यास हवा.

"मंग त्यो कवा करनार?" चांगुणाबाईंनी लगेच विचारलं.

"दोन-तीन दवाखान्यांशी बोलणं चाललंय, मावशी."

संध्याकाळी शेजारणीनं विचारलं, "मंग पाय कसा ठिवायचा?"

"आजून कुनालाच नक्की ठावं न्हाई," चांगुणाबाई उत्साहानं म्हणाल्या. "पन साप चावला तर ते इचारत बसू नको. आदी गाडी बोलव, दवाखाना गाठ."