कर्ण्यातून गेलेला आवाज

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. घरात मी गोष्टीवेल्हाळ — माझी स्कूटर उकिरड्यात गेली ती गोष्ट, लग्नात धोतर सुटलं ती गोष्ट — स्वतःचं हसं करून घ्यायला मला आवडतं. ही गोष्ट मात्र मी वगळत आलो.

ऐंशीच्या दशकात मी धुळ्यात कायदा शिकवायचो. नावामागे डॉक्टर लागावं, एवढीच महत्त्वाकांक्षा. विषय घेतला — यंत्रं आणि मुलांचं खासगीपण. अख्ख्या खान्देशात यावर बोलणारा मी एकटाच, म्हणजे आपोआप पहिलाही! टेपरेकॉर्डर घेऊन मुलींच्या बालगृहात जायचो. तिथल्या अधीक्षक अक्का चहा पाजायच्या.

तिथे तेरा वर्षांची एक मुलगी होती. मामानं लग्न ठरवलं म्हणून पळून आलेली. यंत्रासमोर तिचं तोंड उघडेना. तिनं विचारलं, "बंद व्हयनं का हाई?"

मी म्हणालो, "हो, बंद."

टॉवेलखाली टेप फिरत होती.

मग अमळनेरला माझं व्याख्यान झालं. टेपमधली नावं मी पुसली होती — केवढी काळजी! संयोजक कौतुकानं म्हणाले, "सर, बाहेर कर्णा बांधलाय. बठ्ठा बाजार ऐकीन!" अख्खा बाजार ऐकणार, तरी मी नको म्हणालो का? छे. मी खूश झालो. भर दुपारी टेप लावली. आत ती बोलायची, आणि क्षणभरानं बाहेरूनही तीच बोलायची — जणू दारात उभी राहून स्वतःचंच ऐकतेय. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मी मात्र टाळ्यांची वाट पाहत होतो.

चौथ्या दिवशी मामा बालगृहात हजर. बाजारात त्यानं आवाज ओळखला होता; बालगृहाचं नाव तर मीच व्याख्यानात घेतलं होतं. पालकत्वाचे कागद दाखवून तिला घेऊन गेला.

ती टेप मी अजून लावतो. का? ठाऊक नाही. माझे केस गेले, चष्मा जाड झाला — ती तेराच वर्षांची आहे. माझं खोटं ऐकते, थोडी थांबते, आणि बोलू लागते. दर वेळी वाटतं, आज नाही बोलणार. बोलते.

पण इथवरचं कदाचित मी कधीतरी सांगितलंही असतं. खरं लपवलं ते पुढचं.

अक्का घरी आल्या. म्हणाल्या, "सर, टेप द्या. तिच्या तोंडचं 'लग्न नको' कोर्टाला ऐकवू. पोर परत आणू." कोर्टानं तिच्याबरोबर मलाही ऐकलं असतं — माझं ते "हो, बंद". मग कसली डॉक्टरकी?

मी म्हणालो, "अक्का, टेप पुसली गेली."

"असू द्या सर, मशीनचा काय भरवसा," अक्का म्हणाल्या. त्या मलाच धीर देत होत्या. टेप शेजारच्या खोलीत, टेबलावर होती.

कोर्टात मामा म्हणाला, लग्नबिग्न काही ठरलेलं नाही; अक्कांकडे दाखवायला काहीच नव्हतं. वैशाखात त्या मुलीचं लग्न झालं.