अंगावर काढलेला ताप

आमच्या डॉक्टरीणबाईंना एका वाक्याचा भयंकर राग होता. "ताप अंगावर काढला," असं कुणी म्हणालं की त्या कडाडायच्या, "काढायला ताप म्हणजे काय मेंदी आहे?"

मुलुंडला आमच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांचा दवाखाना आणि वर दुसऱ्या मजल्यावर घर. नवरा गेलेला, मुलगा कॅनडात. तिसऱ्या मजल्यावर मी, तशीच एकटी. मी पुष्कळदा नुसतं बोलायला मिळावं म्हणून घसा दाखवायला जायचे. त्यांना ते कळायचं. "काही झालेलं नाही तुला. बस, चहा टाकते," म्हणायच्या.

फ्लूची साथ आली की त्यांना पाहुण्याचा दाखला सुचायचा. "हा व्हायरस म्हणजे रिकाम्या हाताने येणारा पाहुणा बघ. स्वतःचं भांडंसुद्धा नाही. पेशीत शिरतो, तिच्याच स्वयंपाकघरात आपल्यासारखे शेकडो करून घेतो. ते बाहेर पडताना दाराला चिकटतात. सुटायला त्यांच्याकडे बारीक कात्री असते. आपली गोळी ती कात्री बोथट करते. मग शेजारच्या पेशीत जातील कसे?" आणि लगेच आवाज चढायचा, "पण पहिल्या दोन दिवसांत यायला नको का? सगळे घरोघर पसरल्यावर गोळी काय करणार, कपाळ?"

गेल्या पावसाळ्यात दवाखान्याला कुलूप दिसलं. 'बंद आहे' एवढीच पाटी. सगळ्यांना वाटलं, मुलाकडे गेल्या. मलाही आधी तसंच वाटलं. पण मला न सांगता जातील, हे काही पटेना. मी वर जाऊन बेल वाजवत राहिले. दार उघडलं तेव्हा त्या भिंतीला धरून उभ्या होत्या. आपला ताप पेशंटांना लागू नये म्हणून दवाखाना बंद केला होता. गोळी मात्र घेतली नव्हती. "थकवा वाटला गं. उठून आणायचा कंटाळा केला," म्हणाल्या. मला रडूच आलं. साऱ्या मुलुंडला ओरडणाऱ्या या बाईला ओरडायला घरात कुणीच नव्हतं.

रिक्षात त्यांना धाप लागली होती. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंटचं नाव?"

मी सवयीने माझंच नाव सांगितलं.

व्हीलचेअरवरून त्यांनी माझा पदर ओढला. मास्कमागे हसत असाव्यात.

"अगं, आज मी."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. बोलण्याइतका श्वासच त्यांच्याकडे उरला नाही.