सुमन आणि आमची शिडाची होडी

सुमन गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अंधेरीच्या कारखान्यात लेथवर उभा होतो. सुपरवायझर स्वतः चालत आले, मशीन बंद केलं आणि म्हणाले, "घरी जा. वहिनींना दवाखान्यात नेलंय." त्यांचा चेहरा बघूनच कळलं, दवाखाना ही नुसती बोलायची गोष्ट आहे... घरी पोचलो तेव्हा दारात चपला होत्या, आणि आत कुणीच मोठ्यानं बोलत नव्हतं. तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी होऊन आता महिना होत आला. त्या दिवशी चाळीतल्या सगळ्या बायका तिच्याबद्दल एकच शब्द वापरत होत्या, सोशीक. खोटं नाही ते. पण माझ्या डोळ्यांसमोर जी येते ती वेगळीच बाई असते. पदर खोचून होडीच्या पुढच्या फळीवर बसलेली, शिडाची दोरी मुठीत धरून पडलेल्या वाऱ्याला शिव्या घालणारी.

आम्ही दोघंही जालन्याकडचे. आमच्याकडे समुद्र सोडाच, विहीरसुद्धा आमची नव्हती. घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार. सुमनचं सगळं लहानपण त्या वाट बघण्यात गेलं. पुढं आमच्या घरांनी धम्म घेतला, आमचं लग्न झालं, मला मुंबईत काम मिळालं आणि आम्ही अंधेरीच्या एका खोलीत संसार मांडला. माझ्याबरोबर काम करणारा हिराजी वेसाव्याचा, म्हणजे वर्सोव्याचा, कोळी. त्याच्या भावांनी इंजिनाची होडी घेतली, तशी त्यांची जुनी छोटी शिडाची होडी वाळूत पडून राहिली. "सडण्यापरीस तूच फिरव ना," म्हणाला. चाळीत हसू झालं. यांना पोहता येत नाही आणि होडी कसली घेतायत! हिराजीनं एका हिवाळ्यात दर रविवारी आम्हाला शिकवलं. सुकाणू माझ्याकडे, शीड सुमनकडे. बुडालो तर धरायला म्हणून त्यानं दोन रिकामे तेलाचे डबे बांधून दिले होते. वारा कुठून येतोय हे तिला माझ्या आधी कळायचं, गालावर.

तेवढ्यात तिला धाप लागायला लागली. लहानपणी आलेल्या सांधेतापानं काळजाची झडप खराब झाली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं नाही, तिच्यासमोरच सांगितलं, की मूल होऊ देऊ नका, बाळंतपण हिला झेपणार नाही. बाकी मोकळ्या हवेत हिंडा, फिरा. त्या उन्हाळ्यात माझी आई गावाहून आली, महिनाभर राहिली. काय बोलायची ते सुमनच्या कानावर पडू नये म्हणून मी आईला गच्चीवर घेऊन जायचो. पण जिना चढायच्या आधीच आईचं सुरू व्हायचं, आणि आमची खोली केवढी! सगळं ऐकू येत होतं तिला.

आई परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही होडी काढली. मे महिना होता. सकाळी जमिनीकडून येणाऱ्या हलक्या वाऱ्यावर खाडीतून अलगद बाहेर पडलो आणि मढच्या अंगाला निघालो. दोरी खुंटीला अडकवून सुमननं हात कोपरापर्यंत पाण्यात सोडला होता. किती वेळ तो तसाच. मढला एका बंगल्यासमोर शूटिंग चाललं होतं. आमचं शीड मध्ये आलं असावं, एक माणूस भोंग्यातून ओरडायला लागला, "ए होडीवाले, हटो!" सुमननं त्याला मोठ्या आदबीनं हात हलवला, आणि मग इतकी हसली की मला भीती वाटली, धाप लागेल. नाही लागली.

दुपारी वारा पडला. शीड लोंबायला लागलं. आम्ही नांगर टाकला, शिडाच्या सावलीत बसून भाकरी, ठेचा आणि भाजलेले बोंबील खाल्ले. मी कैरी कापत होतो. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "आई म्हणत्यात ते खोटं नाही. तुम्ही दुसरं लगीन करा. मी काय रुसणार नाही."

"आईला सांगितलंय मी. आता परत नाही विचारायची ती."

"काय सांगितलंत?"

मला बोलायला कधी जमलं नाही. "सुमन हाय, असं सांगितलं."

मला वाटलं, आता ती रडेल. होडीखाली पाणी चुळुक चुळुक वाजत होतं... मग तिनं हात पुढं केला. "मीठ द्या इकडं. कैरी नुसतीच खायाची का?"

एवढंच. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. तिसऱ्या प्रहरी समुद्राकडून खारा वारा सुटला आणि त्यानं आम्हाला घरी आणलं.

त्यानंतर कितीतरी उन्हाळे आम्ही गेलो. पुढं तिला किनाऱ्यापर्यंत चालवेना, तेव्हा हिराजी आणि मी होडी जवळ आणायचो. शेवटच्या उन्हाळ्यात तिनं चढायलाही नको म्हटलं. वाळूत बसून राहिली आणि मला म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी बघते." मी गेलो नाही. आता वाटतं, जायला हवं होतं. तिला बघायचं होतं.

मागच्या रविवारी वेसाव्याला गेलो. होडी ढकलायला लागलो तसा हिराजी धावत आला. "एकला नेशील त पुढं धोंडा ठेव. नायतं नाळ वर उचलंल, होरी कलंडंल." त्याचं बरोबर होतं. मी मागं सुकाणूवर बसणार, तर पुढच्या टोकाला, नाळेवर, कुणाचं तरी वजन पाहिजेच. त्यानंच एक चांगला जड, चपटा धोंडा शोधला, उचलून आणला आणि सुमनच्या फळीवर ठेवायला वाकला.

मी म्हटलं, "राहू दे रे."

हिराजीनं माझ्याकडे बघितलं, धोंडा वाळूत टाकला आणि माझ्या शेजारी बसला. होडी पाण्यात अर्धी, वाळूत अर्धी. लाट आली की पुढची फळी उचलली जायची, हलकी, आणि परत खाली बसायची. भरती उतरेपर्यंत आम्ही तिच्याकडे बघत बसलो होतो.