बॉनेटवरचे ओरखडे

गाडीच्या शाम्पूचा वास आला की मला आमच्या सोसायटीत गाड्या धुणारे काका आठवतात आणि स्वतःची किळस येते. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी माझ्या नव्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर केसासारखे बारीक ओरखडे दिसले. मी चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपचा सुपरवायझर, त्यामुळे भर पार्किंगमध्ये त्यांना झापायचा मला जणू हक्कच होता. “खाली पडलेलं फडकं तसंच फिरवत असाल! रंगातलं काय कळतं तुम्हाला?” लातूरकडचे ते, माझ्याहून वयाने मोठे. बादली खाली ठेवून शांतपणे म्हणाले, “साहेब, आधी पाणी मारून धूळ सोडवल्याबिगर म्या फडकं लावतच नाई.” शेजारी खिदळला, “काका, कुणाला शिकवताय राव? साहेब रंगातले डॉक्टर आहेत!” त्या हसण्याने मला आणखी चेव आला आणि सेक्रेटरीला सांगून मी काकांचं सोसायटीतलं सगळंच काम बंद करवलं. संध्याकाळी बायको बॉनेटवर वाकून बघत म्हणाली, “अहो, आपण कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, ओरखडे तिथेच आहेत. तुम्हीच ना काल कंपनीत जाताना ते कोरडंच घासून काढलंत?” मी ओरखड्यांवरून बोट फिरवून पाहिलं. “मग बोलवा की त्यांना परत.” “आता ते बरं दिसणार नाही,” मी म्हणालो. एका माणसाच्या पोटापेक्षा मला माझं बरं दिसणं मोठं वाटलं. इतका हलका माणूस मी रोज आरशात बघतो आणि त्याची दाढी करून त्याला कामावर पाठवतो.