डावा बूट

“मला कुठे जायचं नाहीये. जाता आलं पाहिजे, एवढंच.”

ती अवाढव्य टूरिंग स्कूटर घरी आली त्या दिवशी बायकोने विचारलं होतं, हे धूड घेऊन तुम्ही जाणार कुठे? त्यावर तो हे म्हणाला आणि हेल्मेट पुसायला लागला. बायकोने कपाळाला हात लावला. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं नाही, हा त्याचा नेम लग्नापासून कधी मोडला नव्हता.

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या करण्यात त्याचं आयुष्य गेलं. पुढे डॉक्टर माणसं पाहत. याच्याकडे यायचे ते नुसते जबड्यांचे ठसे, प्लास्टरमधले, पांढरेफटक. आधी मेणात दात लावायचे, चावा कुठे अडतो ते बघायचं, खरवडायचं, पुन्हा लावायचे, मग पक्के करायचे. गावभर माणसं त्याच्या दातांनी हसत होती आणि त्यातलं एकही हसू त्याने पाहिलेलं नव्हतं. त्याचं त्याला काही वाटत नसे. “कवळी ओळखू आली की ती फसली,” एवढंच म्हणायचा.

आणि असा माणूस निवृत्त झाल्यावर हे घेऊन आला. पुढे छातीएवढी काच, मागे पाठ टेकायला गादी, सीटखाली आठवड्याचा बाजार मावेल एवढी जागा. वजन असं की एकदा नाक भिंतीकडे करून लावली तर मागे ओढायला शेजारपाजारचे दोघे लागत. जिन्याखाली ती उभी राहिली आणि विजेच्या मीटरचं दार उघडेना. तळमजल्यावरच्या वहिनी खेकड्यासारख्या तिरक्या आत-बाहेर करू लागल्या. बायको तिला ‘घरजावई’ म्हणे. “काम ना धाम, जागा अडवून बसलाय, वर रोज पुसून द्यायचं!”

मागे बसून दोन-चारदा ती लांब गेलीही होती. शहर संपलं की रस्ता सैल व्हायचा, काचेआड वारा लागायचा नाही, आणि हा घुम्या माणूस पुढे बसून चक्क गुणगुणायचा. घरी कधीच नाही. हे तिला आवडायचं, पण तिने ते बोलून दाखवलं नव्हतं. नेम काय त्याच्या एकट्याचेच असतात?

मग एकदा, बायको मागे बसलेली असताना, चढावरच्या सिग्नलला एक प्रकार झाला. थांबल्यावर त्याने डावा पाय टेकायला खाली सोडला, पण तो जमिनीला पुरलाच नाही. स्कूटर सावकाश, साखरेचं पोतं कलंडावं तशी आडवी झाली. दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण मुलीने फोनवरून तोफ डागली, “बाबा, पुरे झालं आता. विका ते.”

त्यानंतर तो लंगडायला लागला.

रस्त्यात भेटेल तो हळहळायचा. “मार आतून बसला असणार हो.” बायको रोज जेवणं झाल्यावर कोमट तेल घेऊन बसायची. तो मुकाट गुडघा पुढे करायचा. तिला एकच कळत नव्हतं : घरात हा धडधाकट असतो, उंबरा ओलांडला की लंगडतो. एके सकाळी तिने त्याचे बूट उचलून खिडकीत, उजेडात धरले. डाव्याचा तळ उजव्यापेक्षा बोटभर जाड होता.

“अहो, हे काय आहे?”

“बूट.”

“ते दिसतंय मला. एक थोरला, एक धाकटा का?”

बराच वेळ तो चष्मा पुसत राहिला. मग बोलला. तळाला आधी मेणाचा थर लावून स्कूटरवर बसून पाहिलं, खरवडलं, पुन्हा लावलं. माप जुळल्यावर त्या मापाचा रबरी थर चिकटवला. आता पाय टेकतो.

“मग उजवा का नाही वाढवला? सारखं चालला असतात!”

“उजवा मी टेकत नाही. जिथला दात पडलाय तिथेच बसवायचा असतो.”

“आणि माझं तेल? एवढे दिवस?”

“बरं वाटायचं.”

तिला तो बूटच त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

“कोणाला बोलू नकोस,” तो म्हणाला.

“लोक लंगडा म्हणतात ते चालतं?”

“ते त्यांचं चुकतंय. बुटाचं मात्र खरं आहे.”

रविवारी मुलगी आली ती गिऱ्हाईक घेऊनच. तिच्या ऑफिसातला ताडमाड माणूस. खाली जाऊन तो स्कूटरवर बसला तर दोन्ही तळवे जमिनीवर सपाट, वर गुडघ्यांना बाक. म्हातारा त्याच्या पायांकडे बघत राहिला. वर आल्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, त्या पायाने कसे चालवणार तुम्ही? आई, तू तरी सांग.”

“बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला, आणि किल्ली काढून त्या माणसापुढे धरली.

बायको बघतच राहिली. म्हणजे स्कूटर गेली तरी चालेल, पण बुटाचं नाव निघता कामा नये! बरं, तिला फक्त गप्प बसायचं होतं. मीटरचं दार उघडलं असतं, वहिनी सरळ चालल्या असत्या, घरजावयाची पाठवणी झाली असती, आणि तीही त्याच्याच शब्दाला जागून. किल्ली त्या माणसाच्या तळहातावर पडली. उद्यापासून हा खुर्चीत बसून दिवसभर चष्मा पुसणार, आणि गुणगुणणार कुठेच नाही.

ती उठली. दारातला डावा बूट उचलून तिने चहाच्या कपांमध्ये आदळला.

“पाय ठणठणीत आहे यांचा! लंगडा आहे तो हा बूट! पाय पुरत नाहीत म्हणून तळ वाढवलाय, आणि सांगायला लाज वाटते. दगडाला पाझर फुटेल, पण या माणसाला तोंड फुटणार नाही!”

मुलीच्या हातातला कप तसाच राहिला. “बाबा?”

ताडमाड माणसाने बूट उलटासुलटा करून पाहिला. “कुठे वाढवलाय? जोड दिसतच नाही.”

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. रागावला की काय, ते त्याच्या तोंडावरून ओळखणं नेहमीप्रमाणेच अशक्य होतं. तो उठला. बूट घातले, नाड्या सावकाश बांधल्या. त्या माणसाच्या तळहातावरची किल्ली उचलली. खुंटीवरून एक हेल्मेट काढलं, मग दुसरंही काढलं.

“अहो, निदान भांडा तरी! आणि दोन कशाला घेताय?”

तो लंगडत दाराबाहेर पडला.