नट गेला म्हणणाऱ्यांनो, दत्ताकाकांचे ओठ बघा

अन्याय झाला तो आमच्या दत्ताकाकांवर. कधी? ते गेल्यानंतरच्या रविवारी, डोंबिवलीत, त्यांच्याच शोकसभेत. ज्या नाट्यसंस्थेत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली, तिचे अध्यक्ष माइकवर म्हणाले, "घशाचं ऑपरेशन झालं तेव्हाच आमच्यातला नट गेला होता. आज माणूस गेला." लोकांनी माना डोलावल्या. मागच्या रांगेतून माझ्या मैत्रिणीने, रेश्माने हात वर केला. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. मी उठून म्हटलं, हिला बोलायचंय, तिच्या खुणा मी वाचून सांगते. "वेळ नाही," म्हणाले. चहा-बिस्किटांना मात्र होता!

काकांना मी पहिल्यांदा भेटले ती नाट्यगृहाच्या दारात, पत्रकं वाटताना. ऐकू न येणाऱ्यांसाठी रंगमंचाशेजारी संवाद लिहून दाखवा, ही आमची मागणी. गळ्याला रुमाल बांधलेल्या एका म्हाताऱ्याने पत्रक वाचलं आणि नुसतेच ओठ हलवले. त्यांच्या शेजारी उभ्या काकू म्हणाल्या, "ते म्हणतायत, पत्रक बरंय, पण पोरगी ओरडते फार. पुढे एक शिवी आहे, ती मी नाही सांगणार." स्वरयंत्र काढल्यापासून त्यांची बायको, मालतीकाकूच त्यांचा आवाज होत्या...

रेश्मा आणि मी तेव्हा मोबाइलवर छोटे मूकपट करायचो. काका आपणहून आले. जन्मभर शेवटच्या रांगेसाठी अभिनय केलेला माणूस. पहिल्याच शॉटला भुवया कपाळाच्या वर. "काका, कॅमेरा हातभर अंतरावर आहे, बाल्कनीत नाही!" ते रुसून कोपरला घरी गेले. पण घरी जाऊन त्यांनी बेसिनवरचा आरसा काढला आणि स्टुलावर बसल्यावर फक्त तोंड दिसेल, भुवया दिसणारच नाहीत, इतका खाली ठोकला. रोज सकाळी तिथे ओठांची तालीम.

पहिल्या मूकपटात ते मानपाड्याच्या एका कंपनीच्या गेटवरचे वॉचमन होते. वर्तकनगरच्या एका हॉलमध्ये आम्ही तो दाखवला. काका साहेबांना कडक सलाम ठोकतात, तिथे आम्ही ऐकणारे गंभीर, आणि रेश्माची गँग खुर्चीतून पडेपर्यंत हसतेय. काय झालं कळेना. मग रेश्माने हातांनी सांगितलं, आम्ही ओठ वाचतो, सलाम ठोकताना काका म्हणतायत, "आली बघा ढेरी. साहेब मागून येतायत."

हे आम्ही लिहिलेलंच नव्हतं! पदरची वाक्यं घुसवायची काकांची जुनी खोड. त्यापायी संस्थेने त्यांना कितीदा झापलेलं. आवाज गेला, खोड गेली नाही. मी जाब विचारला, तर काकू हसू दाबत म्हणाल्या, "ते म्हणतायत, आता लेखकाला ऐकू जात नाही, मग तुझं काय जातंय?"

त्यानंतर कल्याणहून, ठाण्याहून ऐकू न येणारी माणसं त्यांचं घर शोधत यायला लागली. रंगभूमीवर होते तेव्हा असं कुणी आलं नव्हतं. तिसऱ्या आणि शेवटच्या मूकपटात तर भुवईसुद्धा हलत नाही. एक म्हातारा नट रिकाम्या थिएटरात बसलाय... शेवटी तो आपल्याकडे बघून काहीतरी म्हणतो. काय, ते रेश्माला सभेत सांगायचं होतं. मी इथे सांगते: "तिसरी घंटा व्हायचीय अजून. उठू नका."

नट गेला होता म्हणे!

परवा कोपरला गेलेले. आरसा तिथेच आहे, तेवढाच खाली. तोंड धुतल्यावर मला वाकून बघावं लागलं. "वर लावून देऊ का?" विचारलं, तर काकू म्हणाल्या, "हात लावू नकोस गं. मी पण स्टुलावरच बसते आता."

पुढच्या महिन्यात संस्था काकांच्या स्मरणार्थ त्यांच्या जुन्या नाटकांतले प्रवेश करतेय. मूकपट एकही नाही. तुम्ही तिकीट काढायला जाल तेव्हा खिडकीवर विचारा, दत्ताकाकांचे तिन्ही मूकपट दाखवणार का? नाही म्हणाले, तर खिडकीसमोरून हलू नका.